माउंटन किंगस्नेकचं पिल्लू खात नाहीये, पाळणाऱ्यांनी कृपया लिहा

पहाडीपाहुणा

नमस्कार मंडळी. कुत्र्यामांजरांचे धागे इथे ढिगाने आहेत, सापाचा एकही सापडला नाही, म्हणून नवीन काढतोय.

मी डॅलसजवळ राहतो. ऑक्टोबरमध्ये एका रेप्टाइल शोमधून कॅलिफोर्निया माउंटन किंगस्नेकचं पिल्लू आणलं. याच उन्हाळ्यात अंड्यातून निघालेलं आहे. पेन्सिलीपेक्षा बारीक, अंगावर लाल-काळे-पांढरे पट्टे. विकणाऱ्याने सांगितलं की पिंकी (उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू, फ्रोजन मिळतं) खातो. घरी आल्यापासून एकही खाल्ली नाही. दर दोन-तीन दिवसांनी नवीन पिंकी गरम करून, चिमट्यात धरून त्याच्यासमोर हलवतो. तो मागे सरकतो, शेपटी थरथरवतो आणि उचलला तर घाणेरडा वास सोडतो.

सेटअप असा: २० गॅलनची लांबट काचेची टाकी, अ‍ॅस्पनचा भुसा, लपायला लाकडाची एक अर्धगोल ढोली, पाण्याचं भांडं, वरून दिवा, खालून हीट मॅट. गरम बाजूला ९३ फॅरनहाइट दाखवतं.

मुलगी चार वर्षांची आहे, रोज शाळेतून आली की पहिला प्रश्न, "बाबा, तो जेवला?" आता तिला काय सांगायचं तेही सुचत नाही. अजून किती थांबायचं? जबरदस्तीने भरवतात असं वाचलं, ते करू का?

चतुर_चिचुंद्री

माझा आयडी पाहता या धाग्यावर फार वेळ थांबणं बरं नव्हे. तरी लांबून वाचतेय.

सॅक्रामेंटोकर

पहाडीपाहुणा, जबरदस्ती अजिबात नको. आणि ते चिमट्याने नाचवणंही आजपासून बंद करा. तुम्हाला वाटतं आपण भूक चाळवतोय, त्याला वाटतं कुणीतरी अंगावर येतंय. शेपटी थरथरवणं आणि वास सोडणं म्हणजे घाबरलेला साप. घाबरलेला साप खात नाही.

पण त्याआधी ते ९३. फार जास्त आहे. पेट शॉपमध्ये मिळणारे सल्ले बहुतेक बॉल पायथन नाहीतर कॉर्नस्नेक (सर्रास पाळले जाणारे साप) डोळ्यासमोर ठेवून दिलेले असतात. झोनाटा (लॅम्प्रोपेल्टिस झोनाटा, आम्ही सगळे झोनाटाच म्हणतो) हा डोंगरातला प्राणी. सिएरा नेवाडाच्या उतारावर, ओक आणि पाइनच्या रानात, ओढ्याकाठच्या खडकांच्या फटीत राहणारा. सकाळी किंवा ढगाळ हवेत बाहेर दिसतो, ऊन तापलं की आत. त्याला गरम बाजूला ८२ ते ८५ पुष्कळ झालं, थंड बाजू ७० ते ७५. रात्री त्याखाली गेलं तरी बिघडत नाही. थोडी थंडी तो सहन करतो, सततचा उकाडा नाही.

हीट मॅटला थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला मॅट बंद करणारं यंत्र) आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही म्हणजे बहुधा नसावा. मग आज मॅट बंद करा आणि थर्मोस्टॅट आणल्यावरच परत लावा. नुसत्या मॅटने काच शंभराच्याही वर तापू शकते. त्याचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) भुशाच्या वर ठेवू नका, पिल्लू भुसा उकरून थेट काचेला चिकटून बसतं, तेव्हा मोजायचं ते तिथलं तापमान. वरचा दिवा काढून टाकला तरी चालेल.

दुसरं, एवढ्याशा जिवाला २० गॅलन म्हणजे मोकळं मैदान. वाईट नाही, पण मग ती जागा भरा. गरम बाजूला एक लपण, थंड बाजूला एक, मधे सालपटं, खोटी पानं, कागदाच्या नळ्या. लपण असं हवं की आत गेल्यावर पाठ वर टेकली पाहिजे. अर्धगोल ढोली दोन्हीकडून उघडी असते, त्यात त्याला लपल्यासारखं वाटतच नाही. एका छोट्या डब्यात ओलसर स्फॅग्नम शेवाळ घालून, झाकणाला भोक पाडून ठेवा. कात टाकताना लागेल आणि एरवीही तिथेच जाऊन बसेल.

हे सगळं करून आठवडाभर टाकीत हात घालू नका. पाणी बदलायचं तेवढं बदला.

पहाडीपाहुणा

थर्मोस्टॅट नाही हे बरोबर ओळखलंत. मॅट आणि दिवा दोन्ही बंद केले. घरात ७४-७५ असतं, तेवढ्यावर चालेल का तात्पुरतं?

सॅक्रामेंटोकर

चालेल. खाल्लं की पचवायला गरम कोपरा लागेल, तोपर्यंत काही अडत नाही.

खडकवासी

टूसॉनहून लिहितोय. माझ्याकडे पायरो आहेत (लॅम्प्रोपेल्टिस पायरोमेलाना, अ‍ॅरिझोनाचा माउंटन किंगस्नेक), बरीच वर्षं पिल्लंही काढतो. सॅक्रामेंटोकर यांनी तापमानाचं लिहिलं ते सगळं बरोबर. मी खाण्याबद्दल लिहितो, कारण झोनाटाच्या पिल्लाचं खरं दुखणं तिथे असतं.

या सापांची पिल्लं रानात उंदीर खात नाहीत. एवढ्याशा तोंडात मावेल असा उंदीर त्यांना कुठे मिळणार? ती खातात सरडे. कॅलिफोर्नियात कुंपणावर, ओंडक्यावर छाती वर-खाली करत बसलेला जो निळ्या पोटाचा सरडा दिसतो ना, वेस्टर्न फेन्स लिझर्ड, तो आणि सापसुरळ्या हे यांचं बालपणीचं जेवण. मोठे झाल्यावर उंदीर, घरट्यातली पक्ष्यांची पिल्लं, क्वचित दुसरा एखादा लहान सापही. पण अंड्यातून बाहेर आलेल्या जिवाच्या मेंदूत अन्न म्हणजे सरड्याचा वास हेच पक्कं असतं. तुम्ही गुलाबी उंदीर पुढे करता तेव्हा तुम्ही त्याला जेवण देत आहात हे त्याला कळतच नाही.

म्हणून पिंकीला सरड्याचा वास लावायचा. माझी पद्धत: अगदी छोटी, एका दिवसाची पिंकी घ्या. बिनवासाच्या साबणाने धुऊन, साबण पूर्ण जाईल असं खळखळून, कोरडी करा. म्हणजे उंदराचा वास कमी होतो. मग फ्रीझरमधला मेलेला सरडा थोडा वितळवून त्याच्या अंगावर पिंकी चोळा, विशेषतः नाकाकडे. सरड्याच्या कातीचा ओला तुकडा पिंकीच्या डोक्याला चिकटवला तर आणखी चांगलं. नंतर साप आणि पिंकी दोघांना झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या एका छोट्या डेली कपमध्ये (खाद्यपदार्थांचा झाकणवाला प्लास्टिकचा डबा) ठेवा, तळाला कागदी नॅपकिन. कप टाकीतच, अंधाऱ्या बाजूला, संध्याकाळी ठेवायचा आणि सकाळपर्यंत डोकावायचं नाही. मधेच टॉर्च मारून बघणाऱ्यांचे साप उपाशी राहतात.

सरडा कुठला, हा पुढचा प्रश्न येणारच. फेन्स लिझर्डच्या कुळातला, म्हणजे स्केलोपोरस, सगळ्यात उत्तम. पेट शॉपमध्ये मिळणारा हिरवा अनोल बऱ्याचदा चालतो. टेक्सासात घराच्या भिंतीवर रात्री दिव्यापाशी जी परदेशी पाल येते, मेडिटरेनियन गेको, तिच्यावरही काही पिल्लं फसतात. रानातला सरडा पकडायचा असेल तर आधी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफचे नियम वाचा, लायसन्स लागतं. शिंगवाल्या सरड्याला तर हातही लावू नका, तो तिथे संरक्षित आहे. जिवंत सरडा सापाला खाऊ घालू नका, सरड्यातले जंत सापाच्या पोटात जातात. काही आठवडे फ्रीझरमध्ये ठेवून मग वासापुरता वापरला की धोका बराच कमी होतो.

आणि दर दोन-तीन दिवसांनी पिंकी पुढे करू नका. पाच ते सात दिवसांनी एकदा, बस.

मुग्धा_रा

माफ करा, थोडं वेगळं बोलते. डोंगरातला साप, त्याला सरडेच खायचेत, त्याला थंड हवा हवी. मग त्याला डॅलसच्या अपार्टमेंटमध्ये काचेच्या पेटीत का ठेवायचं? सोडून द्या ना बिचाऱ्याला.

सॅक्रामेंटोकर

मुग्धा, का ठेवायचं यावर वाद होऊ शकतो आणि तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पण "सोडून द्या" हे मात्र अजिबात नको. हे पिल्लू पिंजऱ्यातल्या आईबापांचं आहे, टेक्सासात याची जात नाही, तिथे सोडलं तर मरेल. आणि न मेलं तर ते जास्त वाईट. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक (हा माउंटनचा चुलतभाऊ, काळा-पांढरा) सुटले किंवा सोडले गेले. १९९८ च्या सुमारास पहिल्यांदा दिसले आणि आज तिथे हजारोंनी आहेत. त्या बेटावर सापच नव्हते, तिथल्या मोठ्या सरड्याला सापापासून पळायचं माहीतच नव्हतं. जिथे हे किंगस्नेक पसरले तिथे तो सरडा जवळपास दिसेनासा झाला. पकडलेल्यांत पांढऱ्या, अल्बिनो सापांचीही संख्या बरीच, म्हणजे कुणाच्या तरी टाकीतलेच.

पाळायचं तर नीट पाळायचं, नाही जमलं तर शोमध्ये किंवा एखाद्या हर्पेटॉलॉजिकल सोसायटीकडे (सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासकांची संस्था) द्यायचं. रानात नाही.

मुग्धा_रा

हे माहीत नव्हतं. सोडण्याबद्दलचं मागे घेते. पेटीबद्दलचं नाही.

अनघा_पशुवैद्य

मी एक्झॉटिक प्राण्यांची डॉक्टर आहे, हा विशिष्ट साप दवाखान्यात कमी येतो, पण किंगस्नेक येतात. तीन गोष्टी.

एक, किचनचा वजनकाटा वापरू नका, ग्रॅमचा वेगळा छोटा काटा घ्या आणि आठवड्यातून एकदा पिल्लाचं वजन लिहून ठेवा. "खात नाही" यापेक्षा "वजन किती घटलं" हे मला कामाचं. निरोगी पिल्लू अनेक आठवडे उपाशी राहून वजन टिकवतं. वजन सतत उतरतंय, पाठीचा कणा वर आलाय, अंग गोल न राहता त्रिकोणी दिसतंय, कातडी सैल पडतेय, असं झालं तर थांबू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम करणाऱ्या डॉक्टरकडे न्या. एआरएव्ही ही अशा डॉक्टरांची संघटना आहे, तिच्या साइटवर राज्यानुसार यादी मिळते.

दोन, मुलगी चार वर्षांची आहे म्हणालात. सीडीसी (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरात सरपटणारे प्राणी ठेवू नका असंच सांगतं, कारण साल्मोनेला, पोट बिघडवणारा जिवाणू. निरोगी दिसणारा साप तो अंगावर बाळगतो. आता आणलाच आहे तर मुलीने फक्त काचेबाहेरून बघायचं, टाकी तिच्या खोलीत नको, पाण्याचं भांडं किचन सिंकमध्ये धुवायचं नाही. आणि लोक सापाला घाबरतात पण फ्रोजन उंदराला घाबरत नाहीत. २०१४ मध्ये फ्रोजन फीडर उंदरांमुळे अमेरिकेत अनेक राज्यांत साल्मोनेलाची साथ आली होती. पिंकी जेवणाच्या फ्रीझरमध्ये ठेवू नका, वेगळा डबा, शक्य असेल तर वेगळा छोटा फ्रीझर. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नको. पिशवीत घालून कोमट पाण्यात, तेही वेगळ्या भांड्यात.

तीन, जबरदस्तीने भरवणं हे घरी यूट्यूब बघून करायचं काम नाही. एवढ्या पिल्लाची अन्ननलिका आणि जबडा सहज दुखावतो.

पहाडीपाहुणा

डॉक्टर, तिसरा मुद्दा वाचून बरं वाटलं. मुलीला फक्त बघायचं असंच सांगितलंय, ती आता काचेवर नाक लावून बसते. नाक लावलं तर चालतं ना?

अनघा_पशुवैद्य

बाहेरच्या काचेवर चालतं. नंतर हात धुवायचे. नाकही.

निवडुंग७२

एक शंका. "लाल-पिवळा एकमेकांना टेकला की विषारी" असं काहीतरी असतं ना? शेजाऱ्यांनी बघितलं तर पोलीस बोलावतील.

खडकवासी

विषारी म्हणजे कोरल स्नेक, त्याच्यात लाल पट्टा पिवळ्याला किंवा पांढऱ्याला टेकतो. आमच्या सापांत लालाच्या दोन्ही बाजूंना काळा असतो. हा नियम फक्त अमेरिकेतल्या कोरल स्नेकपुरता धरा, मेक्सिकोत आणि त्याखाली गेलात की कोलमडतो, आणि अमेरिकेतही विचित्र रंगाचे नमुने निघतात. माझा नियम सोपा आहे, रानात दिसलेल्या पट्टेवाल्या सापाला हात लावायचाच नाही.

गंमत अशी की अ‍ॅरिझोनात आमच्या पायरोच्या जवळपास अ‍ॅरिझोना कोरल स्नेक असतो, पण कॅलिफोर्नियात कोरल स्नेक नाहीच. मग झोनाटा कुणाची नक्कल करतोय? यावर अभ्यासकांची बरीच भांडणं आहेत. आणि झोनाटा की पायरो हे ओळखायचं तर नाक बघा. पायरोचं नाक पांढरट, झोनाटाचं बहुधा काळं.

निवडुंग७२

मग नवशिक्याने कुठला घ्यावा? मला हा धागा वाचून हाव सुटलीय.

खडकवासी

नवशिक्याने कॅलिफोर्निया किंगस्नेक घ्यावा. तो भुशालाही चावतो. माउंटनच पाहिजे असेल तर पायरो, त्याची पिल्लं झोनाटापेक्षा लवकर पिंकीला लागतात. पण पिल्लू घेऊच नका, आधीच फ्रोजन उंदीर खाणारा वर्ष-दीड वर्षाचा साप घ्या, थोडे डॉलर जास्त गेले तरी. घेताना विकणाऱ्याला खाण्याची नोंदवही मागा, कधी काय खाल्लं, वास लावून की न लावता. "खातो" हा एक शब्द म्हणजे नोंदवही नव्हे. शक्य असेल तर तुमच्यासमोर खायला लावा.

एका टाकीत दोन घेऊ नका. किंगस्नेक दुसरे साप खातात, जातभाईही खातात. माउंटन जाती त्यात जरा सौम्य, पण जरा सौम्य म्हणजे कधीतरी सकाळी एकच शिल्लक राहणार.

रानवेडा_एसडी

मी सॅन डिएगोला असतो. इथे लगुना आणि पालोमारच्या डोंगरात हा साप आहे. विकत कशाला घ्यायचा, वीकेंडला एक पकडूनच आणता येईल की. खडकांच्या कपच्या उचकटल्या की सापडतात असं ऐकलंय.

खडकवासी

ऐकलंय ते विसरा. ग्रॅनाइटच्या त्या कपच्या एकदा पहारीने उचकटल्या की परत बसत नाहीत. ती फट तयार व्हायला हजारो वर्षं लागतात, तिच्यात साप, सरडे, विंचू पिढ्यानपिढ्या राहतात. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कितीतरी टेकड्यांवर पूर्वीच्या हौशी लोकांनी असे खडक फोडून ठेवलेत, तिथे आज काही नाही.

सॅक्रामेंटोकर

शिवाय कायदा. कॅलिफोर्नियात रानातला साप धरायला फिशिंग लायसन्स लागतं, संख्येची मर्यादा आहे आणि तुमच्या भागातल्या माउंटन किंगस्नेकला वेगळं संरक्षण आहे. घराबाहेर पडायच्या आधी राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याचे चालू वर्षाचे नियम वाचा. इथला देशी साप विकताही येत नाही. राज्याचा ब्रीडिंग परवाना कॅलिफोर्निया किंगस्नेक, गोफर स्नेक, रोझी बोआ अशा मोजक्यांपुरता आहे, झोनाटा त्यात नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियाचा हा साप कॅलिफोर्नियाच्या शोमध्ये दिसत नाही आणि टेक्सासात दिसतो. बेकायदा पकडलेला राज्याबाहेर नेला तर १९०० सालचा लेसी कायदा (वन्यजीवांच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा) लागतो, म्हणजे प्रकरण फेडरल होतं. कुणी "रानातला आहे, स्वस्तात देतो" म्हणालं तर पाठ फिरवायची.

रानवेडा_एसडी

ठीक, कॅमेरा घेऊन जातो फक्त.

खडकवासी

ते करा. एप्रिल-मेमध्ये, सकाळी, पाऊस पडून गेल्यावर. दगड उचलू नका, नुसते ओढ्याकाठाने चाला.

पहाडीपाहुणा

खाल्लं!! थर्मोस्टॅट लावला, ८४ वर ठेवला, दोन घट्ट लपणं दिली, आठवडाभर बघितलंसुद्धा नाही. पहिल्यांदा वास लावून दिली तेव्हा नाही घेतली. नंतर एका ओळखीच्यांनी त्यांच्याकडच्या पाळीव अनोलची कात दिली, ती पिंकीच्या नाकाला चिकटवून कप ठेवला. सकाळी कपमध्ये फक्त साप, मधे एक गाठ आलेला. मुलीने शाळेत सगळ्यांना सांगितलंय.

आता पुढे काय? आयुष्यभर अनोलची कात शोधत फिरायचं का?

खडकवासी

अभिनंदन! आता दोन दिवस हात लावायचा नाही, पचू द्या. आता उचलला तर ओकेल. ओकलंच तर घाईने परत देऊ नका, दहा-बारा दिवस थांबून आधीपेक्षा छोटा घास द्या.

वास हळूहळू कमी करायचा. पाच-सहा जेवणं अशीच जाऊ द्या. मग कातीचा तुकडा निम्मा करा, मग नुसतं चोळणं, मग फक्त नाकापाशी, मग एखाद्या दिवशी साधी धुतलेली पिंकी. नाही घेतली तर एक पायरी मागे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लोक पिंकीही बदलतात, टाकीही बदलतात, तापमानही बदलतात, आणि मग कशाने बिनसलं तेच कळत नाही. काही पिल्लं महिन्याभरात सुटतात, काहींना पुढचा वसंत उजाडावा लागतो.

सॅक्रामेंटोकर

आकाराबद्दल: सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी पिंकी, त्याहून मोठी नको. डोंगरी जाती सडपातळच चांगल्या. पिल्लाला पाच-सात दिवसांनी, मोठ्याला दहा-चौदा दिवसांनी एक मध्यम उंदीर पुरतो. पूर्ण वाढलेला झोनाटाही तीन फुटांच्या आसपासच राहतो, त्याला कॉर्नस्नेकसारखं भरवू नका, चरबी चढते. अख्खा उंदीर म्हणजे हाडांसकट पूर्ण आहार, वरून कॅल्शियमची पावडर लागत नाही. डोळे निळसर-धुरकट झाले की कात येतेय, तेव्हा जेवण देऊच नका, बहुतेक घेत नाहीत.

आणि झाकणाला क्लिपा लावा. हा साप पळत नाही, विरघळतो. जिथे तुमची करंगळी जात नाही तिथून तो जातो.

झुळूक

जिवंत पिंकी देऊन बघा असं अजून कुणी कसं सांगितलं नाही? माझ्याकडच्या ग्रे-बँडेड किंगस्नेकने फक्त तशीच सुरुवात केली.

सॅक्रामेंटोकर

जिवंत पिंकी चावू शकत नाही, त्यामुळे सापाला धोका नाही, आणि हलण्याने कधीकधी काम होतं हे खरं. पण मोठेपणी जिवंत उंदीर द्यायची सवय लागली तर तो सापाला कुरतडतो. मी बघितलेत तसे साप, पाठीवर मांस उघडं पडलेले. म्हणून मी आधी वास, मग बाकीचं.

झुळूक

सहमत नाही पूर्णपणे. उपाशी मरण्यापेक्षा एक जिवंत पिंकी बरी. पण क्रम तुमचा योग्य आहे.

बेटावरची_बाई

उशिरा आले. आमची बदली होनोलुलूला होतेय. भावाकडे पायरो आहे, तो म्हणतो तूच घेऊन जा. नेता येईल का?

सॅक्रामेंटोकर

अजिबात नाही! हवाईत कुठलाही साप खाजगीरीत्या ठेवणं गुन्हा आहे. दंड दोन लाख डॉलरपर्यंत आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भावालाच ठेवू द्या.

बेटावरची_बाई

दोन लाख?! भावाला स्क्रीनशॉट पाठवला.

पहाडीपाहुणा

मंडळी, परत आलो. तो आता साधी पिंकी घेतो, वास न लावता. पण थँक्सगिव्हिंगपासून परत थंडावलाय. वजन तेवढंच आहे, ८४ पण तेवढंच आहे. दोनदा दिली, नाही घेतली. लपणात पडून असतो.

खडकवासी

दिवस लहान झाले की हे होतंच, घरात हीटिंग कितीही असो. रानात नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च ते जमिनीखाली असतात. पायरो आणि झोनाटाचे मोठे नर तर सप्टेंबरातच तोंड फिरवतात आणि मालक रात्री अकराला मला मेसेज करतात.

दोन वाटा आहेत. पिल्लाचं अंग भरलेलं असेल तर तापमान तसंच ठेवून दहा दिवसांनी एकदा विचारत राहा, घेतलं तर घेतलं. किंवा ब्रूमेशन द्या, म्हणजे हिवाळी झोप. पहिल्या वर्षी बहुतेक लोक देत नाहीत. पण हट्टी पिल्लांना मी देतो, झोपेतून उठल्यावर त्यांची भूक वेगळीच असते. मात्र वजन कमी असेल, पोट खराब असेल, श्वासाचा आवाज येत असेल तर नाहीच.

द्यायचं असेल तर शेवटच्या जेवणानंतर दोन-तीन आठवडे नेहमीच्या उबेत ठेवा, पोट पूर्ण रिकामं झालं पाहिजे. पोटात अन्न असताना थंड केलं तर ते आतच सडतं, हा सगळ्यात मोठा धोका. मग आठवडाभरात हळूहळू उतरवत ५० ते ५५ वर आणा. अंधारी जागा, ओलसर शेवाळाचा डबा, पाणी कायम. आठ-दहा आठवडे पुरे. दर आठवड्याला पाणी बदला आणि वजन करा, दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर उठवा.

पहाडीपाहुणा

माझ्याकडे ५० ची जागा नाही. गॅरेज कधी ७० तर कधी ३०.

अनघा_पशुवैद्य

मग करू नका. वर-खाली होणारं गॅरेज हे ब्रूमेशन नव्हे. वजन टिकून आहे ना? पहिली वाट धरा.

खडकवासी

डॉक्टरांशी सहमत. काही लोक वाइन कूलर वापरतात, तो ५५ वर बरोबर राहतो, पण त्यासाठी एवढ्यात खर्च करू नका. रात्री मॅट बंद ठेवा, दिवसा ८२, खोलीचे पडदे बाहेरच्या उजेडाप्रमाणे. फेब्रुवारीच्या शेवटी दिवस लांबले की रात्रीची उबही परत सुरू करा आणि पहिली पिंकी नेहमीपेक्षा छोटी द्या, जमलं तर पुन्हा थोडा सरड्याचा वास लावून. अनोलची ती कात फ्रीझरमध्ये जपून ठेवलीय ना?

पहाडीपाहुणा

आहे. वेगळ्या डब्यात, वेगळ्या फ्रीझरमध्ये, वर नाव लिहून. बायकोने लिहिलंय, "हे जेवण नाही".